सुमन, तुझं एक खोटं

सुमन, तुझ्या बहिणीचा, कुसुमचा फोन आला तेव्हा मी दुकानात एका मुलीच्या शाळेच्या दाखल्याचं लॅमिनेशन करत होते. "ताई गेली," एवढंच ती म्हणाली. दाखला मशिनमधून बाहेर आला, मी त्याच्या कडा कापल्या, त्या मुलीच्या हातात दिला आणि मग खुर्चीवर बसले. त्या वेळी माझ्या मनात पहिला विचार कोणता आला, हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. मनात आलं, आता शोधणारे थांबतील. जिला विचारायचं तीच राहिली नाही, तर तो माणूस पुन्हा दुकानात येईल कशाला?

रडू त्यानंतर आलं. आधी सुटल्यासारखं वाटलं. हे लिहून टाकल्याशिवाय पुढचं काही लिहिता येईना, म्हणून सुरुवातीलाच लिहिलं.

तुझ्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात लोक चांगलंच बोलले. देहूरोडच्या लष्करी डेपोतली तुझी नोकरी, वस्तीतल्या मुलींना घरी बसवून शिकवणं, सगळं आलं. 'खाचर'बद्दल एकच गृहस्थ बोलले, तेही "ताई एक मासिक काढायच्या" एवढंच. मासिक कुठलं? वर्षातून तीनदा निघायचं, एका वर्षी तर दोनदाच. अठ्ठेचाळीस पानं, खाकी कव्हर, आत बारीक अक्षरात 'खाजगी वितरणासाठी'. तू असतीस तर तिथेच हात वर करून म्हणाली असतीस, "अनियतकालिक म्हणा." मी मागच्या रांगेत बसले होते आणि दाराकडे बघत होते. प्रत्येक नव्या माणसाच्या चपलांकडे आधी बघायचे, मग चेहऱ्याकडे. तो आला नव्हता.

तू पहिल्यांदा दुकानात आलीस तो दिवस आठवतो. लोणावळ्याच्या बाजारात दोन चिक्कीच्या दुकानांमध्ये दबलेलं माझं टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान. बाहेरगावचे लोक आत डोकावून चिक्कीच मागतात. तू आलीस तेव्हा मी तुलाही "शेजारी" असं म्हणाले. तू हसलीस आणि हाताने लिहिलेली बारा पानं काउंटरवर ठेवलीस. डेपोत मजुरी केलेल्या एका म्हातारीने सांगितलेलं तू जसंच्या तसं उतरवून घेतलं होतंस. मी दोन दिवसांत टाईप करून दिलं आणि चांगलं काम केलं म्हणून खूश होते. तू उभ्यानेच पहिलं पान वाचलंस.

"हे 'नाही' कुठून आलं?"

"तुम्ही 'न्हाई' लिहिलं होतं. मी सगळीकडे सुधारलं."

"तुम्ही तिचं तोंड धुऊन काढलंत," तू म्हणालीस. "तुमचं गाव कुठलं?"

"भाजे."

"मग तुमच्या आईला तुम्ही असंच सुधारता का?"

मला राग आला. भाज्याहून लग्न होऊन लोणावळ्यात आले तेव्हा पहिल्या महिन्यात सासूबाईंनी 'हितं-तितं' बोलण्यावरून चारचौघांत हसं केलं होतं. ती बोली मी मेहनतीने टाकली होती आणि ही कोण देहूरोडची बाई मला ती परत उचलायला सांगते? पण मी सगळी पानं पुन्हा केली. पुढच्या वेळी तू आलीस तेव्हा दोघी एकमेकींना अगं-तुगं करायला लागलो होतो. आपला वाद मात्र शेवटपर्यंत मिटला नाही. माझं म्हणणं, लोक वाचताना हसतात. तुझं म्हणणं, हसू देत, पण ऐकतील तरी. अजूनही मला वाटतं की काही ठिकाणी मी बरोबर होते. कुठल्या ठिकाणी, ते बसून ठरवायचं राहिलं.

दर शनिवारी तू लोकलने यायचीस. दुपारी बाजार सुस्त असायचा तेव्हा शटर अर्धं ओढून आपण छापून आलेल्या कागदांना घड्या घालायचो, पानं जुळवायचो, पिना मारायचो. तुला सरळ पीन मारता यायची नाही. मी काढून परत मारायचे आणि तू म्हणायचीस, "वाचणारा पीन वाचतो का गं?" एक गोष्ट आपण कधी बोललो नाही. दुकानापासून माझं घर चार मिनिटांवर, तरी तुला घरी जेवायला बोलावलं ते चौथ्या वर्षी, सासूबाई गेल्यावर. त्याआधी तू डबा आणायचीस आणि दुकानात आपण दोघी एका डब्यातून खायचो. तू कधी विचारलं नाहीस. तुला कारण कळलं होतं आणि तुला कळलंय हे मलाही कळत होतं. पहिल्यांदा माझ्या स्वयंपाकघरात बसलीस तेव्हा भाजीला मीठ कमी आहे एवढंच म्हणालीस.

मग ठकूमावशी आली. म्हणजे आपणच तिच्याकडे गेलो. मळवलीला उतरून, भाजे मागे टाकून, पुढच्या वाडीपर्यंत चालत. वरच्या टेकडीवर नव्या बंगल्यांची स्कीम झाली होती, त्यांच्या रस्त्यासाठी ओढा बुजवला होता आणि पावसाळ्यात पाणी वाट शोधत ठकूमावशीच्या घरात शिरलं होतं. दावं सोडायच्या आत तिची गाभण म्हैस गोठ्यात बुडून मेली. मावशी सत्तरीची, शाळेचं तोंड न पाहिलेली. तू मोबाईल तिच्यासमोर धरलास आणि ती तासभर बोलली. मध्ये रडली नाही. फक्त म्हशीचं नाव घेताना दोनदा थांबली.

मी टाईप केलं. एक अक्षर सुधारलं नाही. तू म्हणालीस, नाव नको छापूया, म्हातारी एकटी राहते. म्हणून खाली आलं, 'एक बाई, मावळ'.

अंक निघाला आणि तीन आठवड्यांनी तो माणूस आला.

हे तुला सगळं माहीत नाही. म्हणजे शेवट माहीत होता, सुरुवात मी सांगितली नव्हती. सकाळी अकराची वेळ. इस्त्रीचा शर्ट, स्वच्छ दाढी, बोलायला गोड. त्याच्या हातात आपला अंक होता, ठकूमावशीच्या पानावर उघडलेला. "ह्या चार पानांच्या चाळीस चाळीस कॉप्या द्या, ताई," तो म्हणाला. मी मशीन चालू केलं. पानं पडत राहिली आणि तो काउंटरला टेकून बघत राहिला.

"छान लिहिलंय," तो म्हणाला. "कोण बाई आहेत ह्या?"

"मला नाही माहीत."

"टाईप तुम्हीच केलंय ना? मागे दुकानाचं नाव आहे."

"मी फक्त टाईप करते."

"मग कुणाला माहीत असेल?"

मशीन चालू होतं. एकशेसाठ पानं व्हायला फार वेळ लागत नाही, पण त्या दिवशी संपता संपेना. तो काही रागावला नाही, धमकी दिली नाही. फक्त भिंतीवर लावलेला माझ्या मुलीचा पदवीचा फोटो बघून म्हणाला, "मुलगी का? पुण्याला असते?" मी हो म्हणाले. आणि मग, सुमन, मी त्याला तुझा पत्ता दिला. त्याने लिहून मागितला म्हणून चिठ्ठीवर लिहून दिला. देहूरोड, बिल्डिंगचं नाव, पहिला मजला. माझं अक्षर इतकं सुंदर कधी आलं नसेल.

तो गेला आणि मी तुला फोन केला नाही. करायला हवा होता, निदान सावध तरी करायचं. फोन हातात घेतला की वाटायचं, काय सांगू? कोण येतंय हे सांगायचं तर कुणी पाठवलं हेही सांगावं लागेल. त्या दिवसापासून मी काउंटरची खुर्ची फिरवून रस्त्याकडे तोंड करून बसायला लागले. शिल्लक अंकांचा गठ्ठा कोऱ्या कागदांच्या रिमखाली सारला. अनोळखी नंबर उचलणं बंद केलं. मुलीला रोज दोनदा फोन करायचे आणि ती वैतागायची.

शनिवारी तू आलीस. मी तुझ्या चेहऱ्याकडे बघितलं नाही. तू म्हणालीस, "जेवलीस का?" आणि पिशवीतून पुढच्या अंकाची प्रुफं काढलीस. एका वेलांटीवरून आपण भांडलो. मला वाटलं, तो आलाच नसेल. मी किती हलकी झाले त्या दिवशी.

ठकूमावशीचा दुसरा भाग तू एकटीच जाऊन आणलास. पाणी शिरल्यानंतर तिच्याकडे दोघे तिघे कागद घेऊन आले होते. गोठ्याची भरपाई मिळेल म्हणून अंगठा घेतला. पुढे भाच्याने तो कागद वाचून दाखवला तेव्हा कळलं, त्यात लिहिलं होतं की ह्या जागी पूर्वीपासून ओढा नव्हताच. कोण आले होते, कुणाच्या गाडीतून, कुणाच्या ओळखीने, सगळं मावशीने सांगितलं होतं. मी ऐकलं आणि मोबाईल तुझ्याकडे सरकवला.

"हे नको छापू," मी म्हणाले.

"का?"

"पहिल्या भागाने झालं तेवढं पुरे आहे."

"काय झालं पहिल्याने?" तू विचारलंस. आता वाटतं, तू मला दार उघडून दिलं होतंस. मी आत गेले नाही.

मी भलतंच बोलले. "तुला काय जातं? तू एकटी आहेस. मला घर आहे, मुलगी आहे."

तू चष्मा काढून पुसलास. "बरं," म्हणालीस. "पुढच्या शनिवारी बोलू."

पुढच्या शनिवारी तू छातीत कळ येऊन हॉस्पिटलात होतीस. मी आले होते. तुझ्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, डोळे मिटलेले. कुसुम म्हणाली, ऐकू येतंय तिला, बोला. मी तुझ्या पायाशी बसून म्हणाले, "कव्हरचा कागद आलाय." इतकंच. जगातलं सगळं सोडून मी तुला कव्हरच्या कागदाबद्दल सांगितलं.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी वंदना झाली, जेवणं झाली. स्वयंपाकघरात मी पातेली विसळायला बसले तेव्हा कुसुम शेजारी येऊन उभी राहिली.

"तुमच्याकडून एक माणूस आला होता ताईकडे," ती म्हणाली. "महिना दीड महिना झाला. मी तेव्हा तिच्याकडेच राहायला आले होते."

माझ्या हातातलं पातेलं तसंच राहिलं.

"म्हणाला, लोणावळ्याच्या झेरॉक्सवाल्या बाईंनी पत्ता दिला. ताईने बसवलं त्याला, चहा दिला. तो विचारायला लागला, ही बाई कोण. ताई म्हणाली, मीच. मीच रचलंय सगळं. तर तो म्हणाला, मग तुमची म्हैस कुठे बुडाली? ताई म्हणाली, गोष्ट आहे हो ती, गोष्टीत म्हैस असते."

कुसुमला जरा हसू आलं.

"जाताना म्हणाला, जपून लिहीत जा मॅडम, वय झालंय तुमचं. शेजाऱ्यांच्या दारादारात त्या पानांच्या झेरॉक्स टाकून गेला."

"सुमन घाबरली नसेल," मी म्हणाले. मला खरंच तसं वाटत होतं. माझ्या डोक्यात तू कधी घाबरायचीच नाहीस.

"घाबरली नसेल?" कुसुम माझ्याकडे बघत राहिली. "तो गेला आणि ताईला कप उचलता येईना. चार दिवस बाथरूमला जाताना मला दाराबाहेर उभी करायची. रात्री दिवा मालवू द्यायची नाही. पण शनिवारी म्हणाली, मी लोणावळ्याला जाऊन येते. मी म्हटलं, त्या बाईंना जाब विचार. तर म्हणाली, तिला काही बोलू नकोस, ती आधीच भ्यायलेली असेल."

सुमन, मी तिथेच मोरीत बसून राहिले. तू सगळं जाणून दुकानात आली होतीस आणि मला विचारलं होतंस, जेवलीस का.

घरी येताना लोकलमध्ये नवं भय सुरू झालं, आणि ते आधीच्यापेक्षा मोठं होतं. त्या माणसाच्या लेखी ती बाई म्हणजे तू, आणि तू गेलीस. म्हणजे मावशी वाचली. मी गप्प बसले तर कायमची वाचली. दुसरा भाग छापला तर त्याला कळणार की बोलणारी बाई जिवंत आहे. न छापावा तर तू शेवटी हातात घेतलेलं काम मी पुसलं, आणि मावशीचा अंगठा त्या कागदावर खोटं बोलत राहिला. नवऱ्याला सांगितलं. तो सरळ म्हणाला, "तुला गप्प बसायला इतकं चांगलं कारण पुन्हा मिळणार नाही." तो वाईट माणूस नाही. त्यालाही मुलीची काळजी.

आठ दिवस काढले आणि मी ठकूमावशीकडे गेले. तू गेल्याचं तिला कुणी कळवलंच नव्हतं. मी सांगितलं, तशी ती उंबऱ्यातच बसली. मग मी बाकीचंही सांगितलं. माणूस, चाळीस कॉप्या, माझी चिठ्ठी, तू बोललेलं खोटं. माझं काहीच लपवलं नाही. मावशी ऐकत होती आणि सुपातले तांदूळ उगाच इकडचे तिकडे करत होती.

"म्हंजी त्येंच्या हिशेबानं मी मेली," ती म्हणाली.

"हो. आणि तसंच राहू दे म्हणायला आलेय मी. तुम्ही सुखरूप राहाल."

"आन त्यो कागद?"

मी सुपातला एक खडा वेचून बाहेर टाकला.

"त्या कागदावर माजा अंगठा हाय. त्येनं खोटं सांगितलंय, हितं वढा न्हवता म्हनून. आता मी तोंडानं खरं सांगती, तर खाली नाव न्हाई. मग त्यो अंगठा कुनाचा म्हनायचा?" मावशी म्हणाली. "तिनं माजं वझं घेतलं, बाय. आता मेल्यावर बी तिच्याच डोक्यावर ठिवायचं व्हय? माजं नाव घाल. पुरं घाल, नवऱ्याच्या नावासकट. गावाचं बी घाल."

"मावशी, ते येतील."

"येतील. भ्या तर लय वाटतंय मला." तिने सूप खाली ठेवलं. "पर नाव घाल."

मी तिला पुन्हा पुन्हा विचारलं. भाच्याला बोलावून त्याच्यासमोर विचारलं. तो बिचारा तिला समजावून दमला आणि शेवटी म्हणाला, आजपासून मी इथेच झोपायला येतो.

आपल्या नेहमीच्या छापखान्याने मजकूर वाचला आणि मशीन बिघडलंय म्हणून सांगितलं. मी त्यांना दोष देत नाही. त्या आवाजात मला माझाच आवाज ऐकू आला. दुसरीकडे, लांब, जिथे मावळातलं कुणी कुणाला ओळखत नाही अशा ठिकाणी अंक छापून आणला. घड्या एकटीने घातल्या. संपादक म्हणून तुझं नाव ठेवलं आणि त्याच्या खाली पहिल्यांदा माझं घातलं. 'टाईप' म्हणून नाही. ते नाव टाईप करताना माझ्याकडून तीनदा चूक झाली. आपल्याच नावात माणूस चुकतं, सुमन, हे मला माहीत नव्हतं. बाजारातल्या दोन दुकानदारांनी अंक ठेवून घ्यायला नकार दिला. एकाने घेतला, पण गल्ल्याखाली ठेवला.

पहिली प्रत घेऊन मी वाडीवर गेले. मावशी म्हणाली, "माजं नाव कुटं हाय, दाव." मी दाखवलं. तिने त्यावर बोट ठेवलं, उचललं, पुन्हा ठेवलं. मग म्हणाली, "आता वाच." मी सगळं वाचून दाखवलं, तिच्याच बोलीत, न अडखळता. भाजे सोडल्यापासून इतकं मोठ्याने मी तसं बोलले नव्हते. मध्येच खालच्या वळणावर गाडीचा आवाज आला. मी थांबले. मावशीने माझ्या मनगटावर हात ठेवला. तिचा हात गार होता, माझाही असणार. गाडी चढ चढत आली, वाडीच्या तोंडाशी थांबली, दार उघडल्याचा आवाज आला. आम्ही दोघी उठलो नाही. आत पळावं असं माझ्या पायांना वाटत होतं, पण मावशीचा हात होता.

दुधाचा टेम्पो होता. त्याने कॅन उतरवले, वळला आणि गेला.

"कुटवर आलतीस?" मावशी म्हणाली. मी ओळ शोधली आणि पुढे वाचलं.

अंक निघून आज बारा दिवस झाले. अजून कुणी आलेलं नाही. मावशीचा भाचा रोज सकाळी "ठीक आहे" एवढाच मेसेज करतो आणि तो मेसेज येईपर्यंत मी चहा ठेवत नाही. आज आला तेव्हा साडेसात वाजले होते. आता शटर उघडायला जायचं आहे. कुलपाला किल्ली लावताना आधी रस्त्याच्या दोन्ही टोकांना बघते, मग कुलूप काढते. तुलाही भीती वाटायची, हे मला कुणी आधी सांगायला हवं होतं.